‘प्लमेट’चं मूळ शिशात आहे, ‘प्रलंब’मध्ये नाही

इंग्रजी शब्द संस्कृतातूनच निघाले, असं सांगणारी एक यादी कित्येक वर्षं मोबाइलवरून फिरते आहे. मदर म्हणजे मातृ, ब्रदर म्हणजे भ्रातृ, नॅव्हिगेशन म्हणजे ‘नवगति’ वगैरे. ही यादी कधी पुरी होत नाही, कारण ज्याच्या हाती पडते तो तिच्यात आपली भर घालून पुढे पाठवतो. माझ्याकडे आली त्या आवृत्तीत ‘प्लमेट’ होता. मजकूर साधारण असा: भाव, तापमान किंवा विमान धाडकन खाली आलं की इंग्रजीत ‘प्लमेट’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘प्रलंब’वरून आला. प्र अधिक लंब, म्हणजे खाली लोंबणारा. गवंड्याच्या ओळंब्यालाही इंग्रज ‘प्लंब लाइन’ म्हणतात, ती आपली ‘प्रलंब-रेषा’च. उच्चार जुळतो, अर्थ जुळतो. दर्यावर्दींची परिभाषा तर आपलीच, नॅव्हिगेशन पाहा. आणि मदर-ब्रदर आपले आहेत म्हटल्यावर इंग्रजी ही संस्कृतचीच लेक. तिने शब्द उचलले आणि श्रेय दिलं नाही.

पाठवणारे गृहस्थ निवृत्त अभियंते, आणि ओळंब्याबद्दल माझ्यापेक्षा त्यांना शंभरपट जास्त कळतं. पण शब्दाचं मूळ शोधायला ओळंबा हाताळलेला असणं पुरत नाही. मुद्दे एकेक करून पाहू, क्रम मात्र माझ्या सोयीचा.

आधी अर्थ. ‘प्लमेट’ हे मुळात कोसळण्याचं क्रियापद नव्हतंच. चौदाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत दिसू लागतो तो नाम म्हणून, आणि अर्थ असतो दोरीला बांधायचा शिशाचा गोळा. जुन्या फ्रेंचमध्ये शिशाला ‘प्लोम’ म्हणत. त्याला लहानपणा दाखवणारा ‘एट’ प्रत्यय लागून ‘प्लोमेट’ झाला, म्हणजे शिशाचा छोटा गोळा. हाच प्रत्यय टॅब्लेटमध्ये आहे (छोटी पाटी), बुलेटमध्येही आहे (छोटा गोळा). प्रलंबवाल्यांना पहिला प्रश्न इथेच विचारता येतो: तुमच्या व्युत्पत्तीत शेवटचा ‘एट’ कुठून आला? प्रलंबच्या शेपटाला तो कुणी आणि कशासाठी चिकटवला? यादीत याचं उत्तर नाही, कारण यादी बनवणाऱ्याने शब्दाचा पुढचा अर्धा भाग ऐकला आणि तिथेच थांबला.

फ्रेंच ‘प्लोम’ आला लॅटिन ‘प्लुम्बुम’वरून, म्हणजे शिसं. रसायनशास्त्राच्या तासाला शिशाची खूण ‘पीबी’ का, इंग्रजी नावात तर ती अक्षरं नाहीत, हा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांच्यासाठी उत्तर हेच. त्या घराण्यात पुष्कळ मंडळी आहेत. प्लंबर म्हणजे मुळात शिशाचं काम करणारा कारागीर. रोमन लोक पाण्याचे नळ शिशाचे करत आणि युरोपात पुढे चर्चची छपरं शिशाच्या पत्र्याने मढवत, ते काम त्याचं. पाण्यात सूर मारण्याचा ‘प्लंज’ हाही याच लॅटिन शब्दापासून, फ्रेंचमार्गे आलेला. ‘अप्लाँब’ म्हणजे डगमगणार नाही असा आत्मविश्वास, शब्दशः ओळंब्याला धरून उभा असलेला. आणि आपल्या आयुर्वेदातल्या चित्रकाचं शास्त्रीय नाव प्लम्बॅगो झेलॅनिका, त्यातही शिसंच दडलंय. या सगळ्यांत समान काय? लोंबणं नाही. पडणंही नाही. प्लंबर कुठे लोंबतो? नळ कुठे पडतो? समान आहे तो फक्त धातू.

आता खरा निर्णायक मुद्दा, आणि तो यादीवाल्यांच्या लक्षात येणं कठीण होतं, कारण त्यासाठी लॅटिनमध्ये डोकवावं लागतं. दोरीला वजन बांधून भिंत सरळ आहे का पाहायचं साधन रोमन गवंड्यांकडेही होतं. त्याला ते काय म्हणत? ‘पर्पेन्डिक्युलुम’. ‘पेन्डेरे’ म्हणजे टांगणं, त्यापासून. इंग्रजी पर्पेन्डिक्युलर तिथूनच निघाला, पेंडुलमही त्याच क्रियापदाच्या घरातला. म्हणजे ‘लोंबतं ते’ या कल्पनेवरून ओळंब्याला नाव द्यायची युक्ती रोमनांनाही सुचली होती. त्यासाठी त्यांनी आपलं घरचं क्रियापद वापरलं आणि त्या शब्दात ‘प्लुम्ब’ नाही. ‘प्लुम्बुम’ त्यांना हवा होता तो धातूसाठी. प्रलंब रोमला गेलाच असता, तर तो ओळंब्याचं नाव सोडून शिशाचं नाव का झाला असता?

उलट बाजूनेही पाहता येतं. आपल्याकडे शिशाला प्रलंब कधी म्हटलं गेलं का? ज्यांच्या घरी रुद्र-चमक म्हटलं जातं त्यांना यादी पाठ असेल: ‘हिरण्यं च मेऽयश्च मे सीसं च मे त्रपुश्च मे’. सोनं, अयस, शिसं, कथील. यजुर्वेदातलं हे सीस. अथर्ववेदात तर राक्षसांना पळवून लावायला शिशाचा उपयोग सांगणारं सूक्त आहे. वैद्यकात शिशाला नाग म्हणतात. तोच सीस मराठीत शिसं होऊन आला आणि शिसपेन्सिलीत जाऊन बसला. त्या पेन्सिलीत शिसं नसतंच, ग्रॅफाइट असतं, पण ही चूक इंग्रजांनीही केली आहे, त्यामुळे आपण एकटे नाही. मुद्दा असा, की संस्कृतात धातूला सीस आणि लोंबत्या साधनाला लंब-परिवारातले शब्द, अशी दोन वेगळी खाती आहेत. लॅटिनमध्येही दोन वेगळी खाती आहेत. यादीने एकाच्या पहिल्या खात्याचा शब्द दुसऱ्याच्या दुसऱ्या खात्याला जोडला आहे.

‘पण ओळंबा तर आपलाच ना?’ अर्थात आपला. ओळंबा अवलंबपासून आला, लोंबणेही त्याच संस्कृत लम्ब मुळातलं. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये सांगून ठेवलंय: ‘साध्या जलेन समभूः, अध ऊर्ध्वं लम्बकेनैव’. जमीन सपाट आहे का हे पाण्याने पाहावं, खालचं-वरचं सरळ आहे का हे लंबकानेच. आजही बांधकामावर हेच दोन न्याय चालतात, पाण्याची पातळी नि ओळंबा. पण साधन आपल्याकडे होतं म्हणून इंग्रजीतला शब्द आपला, हे कुठलं तर्कशास्त्र? ओळंबा इजिप्तच्या बांधकामांवरही होता. दोरी आणि जड वस्तू एवढ्यावर चालणारं साधन जगात अनेक ठिकाणी आपापलं सुचू शकतं, आणि प्रत्येक ठिकाणी त्याला आपापलं नाव मिळतं. मुंबईतल्या कुठल्याही साइटवर जा, मराठी मिस्त्री ओळंबा म्हणेल, उत्तरेकडून आलेला साहूल म्हणेल आणि सुपरवायझर प्लंब म्हणेल. तिघांच्या हातात वस्तू एकच असते, बहुतेक वेळा पितळेची किंवा पोलादाची. आता इंग्रजी नावात शिसं आहे आणि वस्तूत नाही, याची कुणालाच पर्वा नसते.

शिसंच का निवडलं होतं, हे मात्र सांगण्यासारखं आहे. एक घनसेंटिमीटर शिशाचं वजन ११.३ ग्रॅम भरतं, लोखंडाचं ७.९ ग्रॅमच्या आसपास. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे साध्या भट्टीवर गोळे ओतता येतात. छोट्या आकारात भरपूर वजन असल्यामुळे वाऱ्याने ते हलत नाही आणि पाण्याच्या प्रवाहाने फारसं वाहवत नाही. म्हणून ते गवंड्याला जितकं हवं तितकंच खलाशाला हवं.

आणि या शब्दाच्या अर्थाची पुढची वाटचाल खलाशाच्या हातातली आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘प्लमेट’ गवंड्याचा आहे. यशयाच्या ग्रंथात न्यायाची दोरी आणि नीतिमत्तेचा ओळंबा असं रूपक येतं. त्याच सुमारास रंगभूमीवर आलेल्या शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’मध्ये तो समुद्रातला आहे. तिथे नाटकातला जादूगार प्रॉस्पेरो म्हणतो, की कुठल्याही ‘प्लमेट’ने कधी थांग घेतला नसेल इतक्या खोल मी माझं पुस्तक बुडवीन. दोन्हीकडे तो नाम आहे आणि दोन्हीकडे मोजण्याचं साधन आहे. सतराव्या शतकात त्याचं क्रियापद झालं, पण अर्थ ‘कोसळणे’ नव्हे, ‘खोली मोजणे’.

खोली कशी मोजत, हे एकदा डोळ्यांपुढे आणा म्हणजे अर्थ का सरकला ते कळेल. दोरीला शिशाचा लांबट गोळा बांधायचा, जहाजाच्या कडेवर उभं राहून तो पुढे भिरकावायचा. तो सुळकन खाली जातो, तळाला टेकतो, दोरी सैल पडते. दोरीवर ठरावीक अंतरांवर चामड्याचे आणि कापडाचे तुकडे बांधलेले असत, अंधारातही बोटांना कळावेत म्हणून वेगवेगळ्या पोताचे. एकक होतं फॅदम, सहा फूट, पसरलेल्या दोन हातांएवढं. आपल्याकडची वाव तीच. अमेरिकेत मिसिसिपी नदीवर दोन फॅदमची खूण आली की ‘मार्क ट्वेन’ अशी आरोळी देत, आणि सॅम्युअल क्लेमेन्सने तीच आपल्या टोपणनावासाठी उचलली. गोळ्याच्या बुडाला खळगा असे, त्यात चरबी भरत. वर ओढला की चरबीला तळाची वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचा चुरा चिकटलेला असे. किनारा दिसत नसताना आपण कुठे आहोत याचा अंदाज कसलेला सुकाणूधारी त्यावरून बांधी. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात लिहितो, की इजिप्तचा किनारा अजून दिवसभराच्या अंतरावर असतानाच गोळा सोडला तर अकरा वाव खोलीवर चिखल वर येतो.

तर, जी वस्तू सोडली की सरळ खाली जाते, मध्ये कुठे रेंगाळत नाही, तिच्या नावावरून ‘तिच्यासारखं खाली जाणं’ हा अर्थ निघणं अगदी सरळ आहे. तरी तो रुळायला विसावं शतक उजाडावं लागलं. विमानं आणि शेअर बाजार या दोघांनी त्याला भरपूर काम पुरवलं. म्हणजे ज्या अर्थावर यादीची सगळी इमारत उभी आहे, तो अर्थ या शब्दाच्या आयुष्यातला सगळ्यात ताजा. धातू, मग धातूचा गोळा, मग मोजण्याचं साधन, मग मोजणे, आणि शेवटी कोसळणे. ‘हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडून गेलेला’ शब्द वाटेत धातूचा वेश घेतो आणि मुक्कामी पोचल्यावर तो वेश टाकून मूळ अर्थ आठवतो, हे जरा जास्तच झालं.

शिवाय प्रलंबचा मूळ अर्थ तरी कोसळणे आहे का? प्रलंब म्हणजे लोंबणारा, लांब. बलरामाने मारलेल्या एका असुराचंही ते नाव. मराठीत आपण प्रलंबित म्हणतो ते कशाला? न्यायालयातल्या खटल्यांना. प्रलंबित खटला लटकत राहतो, हाच तर त्याचा गुण. तो धाडकन खाली आलेला कुणी पाहिला आहे? कोसळण्यासाठी मराठीकडे दुसरा भरपूर ऐवज आहे: कांद्याचे भाव गडगडतात, बाजार आपटतो, सरकार कोसळतं. यातल्या एकालाही प्रलंबची गरज पडलेली नाही.

‘उच्चार तर जुळतो’ हा मुद्दा लोकांना सगळ्यात पटतो. खरं तर तोच सगळ्यात लेचापेचा आहे. फारसीतला ‘बद’ आपल्याला माहीत आहे, बदनाम, बदसूरतमधला. इंग्रजी ‘बॅड’शी उच्चार जवळजवळ तोच आणि अर्थही तोच, पण दोघांचं नातं नाही, योगायोग आहे. इंग्रजीच्या घरात पाहायचं तर ‘प्लूम’ म्हणजे पीस आणि ‘प्लम’ म्हणजे आलुबुखार. एक लॅटिन ‘प्लूमा’वरून, दुसरा ‘प्रूनुम’वरून. उच्चार हाच पुरावा असेल तर पीस, आलुबुखार आणि शिसं एकाच मुळाचे ठरतील.

भाषांमधलं खरं नातं ध्वनींच्या नेमाने बदलण्यातून ओळखतात, आणि तो नेम लावला की प्रलंबचा दावा दोन्ही बाजूंनी पडतो. संस्कृत ‘प्र’चा लॅटिन भाऊ ‘प्रो’, त्यातला र तसाच राहतो. प्रजा आणि इंग्रजीत लॅटिनमार्गे आलेला ‘प्रोजनी’ यांचं नातं अस्सल आहे: प्र आणि जन्, प्रो आणि गेन्. ‘प्र’चा ‘प्ल’ करायला कुणीतरी कारण दाखवायला हवं. बरं, इंग्रजीत पिढीजात आलेले शब्द पाहा. तिथे मूळ प चा फ होतो: पितृ-फादर, पाद-फूट, पूर्ण-फुल. जर्मन भाषाभ्यासक याकोब ग्रिमने १८२२ मध्ये हा नेम नीट मांडला. संस्कृत ‘प्लु’, ‘प्लवते’ म्हणजे तरंगणं, वाहणं. त्याचे इंग्रजीतले सख्खे नातलग ‘फ्लो’ आणि ‘फ्लोट’. पाहा, तिथे प्ल चा फ्ल झालाच. तेव्हा इंग्रजी शब्द ‘प्ल’ने सुरू होत असेल, तर तो बहुधा पिढीजात नव्हे, बाहेरून आलेला असतो. १०६६ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर या राज्यकर्त्यांबरोबर फ्रेंच शब्दांचा जो लोंढा इंग्रजीत आला, त्याच ओघात ‘प्लमेट’ आला.

‘नॅव्हिगेशन म्हणजे नवगति’ याचं काय? नाव, होडी याला संस्कृत शब्द नौ. समास करायचा तर नौगति होईल. ‘नव’ म्हणजे नवा, नाहीतर नऊ. नवगति म्हणजे फार तर नवी गती. लॅटिन ‘नाविगारे’ हा ‘नाविस’ म्हणजे जहाज आणि ‘आगेरे’ म्हणजे हाकणं यांच्यापासून झाला. यातली गंमत अशी, की नौ आणि ‘नाविस’ हे खरोखर भाऊ आहेत, आणि ‘आगेरे’चाही संस्कृतात भाऊ आहे: ‘अजति’, हाकतो. म्हणजे दोन्ही टोकांना खरी नाती हजर होती. यादीने एक अर्धवट धरलं आणि दुसऱ्याच्या जागी ‘गति’ बसवून दिली.

मदर-मातृ तेवढं खरं आहे, पण त्याचा अर्थ यादी लावते तो नाही. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत भाषापंडित विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य दाखवलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला की या तिघी एका समान उगमातून निघाल्या असाव्यात आणि तो उगम आता कदाचित उरलेला नाही. संस्कृतची त्याने तोंडभर स्तुती केली, पण तिला आई नाही म्हटलं, बहीण म्हटलं. भावाबहिणींचे चेहरे सारखे दिसतात म्हणून एकजण दुसऱ्याचा बाप होत नाही.

आणि ‘प्लुम्बुम’ तर त्या कुटुंबातलाही नसावा. ग्रीकमध्ये शिशाला ‘मोलिब्दोस’. क्रीटमधल्या नोसोसला सापडलेल्या ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकातल्या मातीच्या पाटीवर त्याचं ‘मो-रि-वो-दो’ असं रूप वाचता येतं. दोन्ही शब्द एकमेकांची आठवण करून देतात, पण ध्वनींचे नेम त्यांना बसत नाहीत. त्यामुळे भूमध्य समुद्राच्या काठावरच्या कुठल्यातरी जुन्या भाषेतून ते धातूबरोबरच उसने आले, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

राहता राहिली चोरी. इंग्रजीने भारतीय भाषांतून शब्द भरपूर घेतले आहेत, पण त्या प्रवासाच्या खुणा मागे राहतात. शर्करा फारसीत शकर, अरबीत सुक्कर, मग मध्ययुगीन लॅटिन, फ्रेंच आणि शेवटी इंग्रजीत शुगर. प्रत्येक ठाण्यावर नोंद आहे. प्रलंबच्या प्रवासात असं एक तरी ठाणं दाखवा. संस्कृत शब्दांचा असा इतिहास शास्त्रशुद्ध कसा लावतात हे पाहायचं असेल तर पुण्याला डेक्कन कॉलेजात पाहायला मिळेल. तिथे १९४८ पासून ऐतिहासिक तत्त्वांवरच्या संस्कृत कोशाचं काम चालू आहे. कुठला शब्द कुठल्या ग्रंथात कोणत्या अर्थाने आला, याच्या लाखो चिठ्ठ्या हातांनी लिहून काढून त्यावर एकेक नोंद उभी राहते.

आणि मराठीतून इंग्रजीत गेलेलं काही दाखवायचंच असेल तर मुंगूस आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो ‘मंगूस’च्या रूपात इंग्रजीत शिरला, वाटेत कदाचित पोर्तुगिजांनी हात लावला असेल. त्याच्या शेवटी जो ‘गूस’ दिसतो त्याचा हंसाशी काडीचा संबंध नाही. अनोळखी शब्द इंग्रजांनी कानाला ओळखीच्या अक्षरांत बसवून घेतला. आपली यादी करते तेच, फक्त उलट्या दिशेने.